गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा: मामा दुटप्पी आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंचवटीत साखरपुड्याच्या पंगतीत मामा म्हणाले, गर्भपात म्हणजे सरळ खून, कायद्यानं बंदच करायला पाहिजे. पाच मिनिटांनी बातम्यांचा विषय निघाला, तर म्हणाले, बलात्काऱ्याला भर चौकात फाशी द्या. तुम्ही म्हणालात, "मामा, जीव पवित्र आहे की नाही ते एकदा ठरवा." मामा ताटावरून उठले, आई अजून तुमच्याशी धड बोलत नाही, आणि आता तुम्हाला कळायला हवंय की बरोबर कोण होतं.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात २७ वर्षं फौजदारी वकिली करतेय. खुनाच्या आरोपींची वकीलपत्रं घेतलीत, मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या बाजूनंही उभी राहिलेय. गेल्या काही वर्षांत गर्भपाताच्या परवानगीसाठी हायकोर्टात जाव्या लागणाऱ्या मुलींचे कागदही बरेच केलेत. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही तुकडे माझ्या एकाच लोखंडी कपाटात आहेत. तत्त्वज्ञान मी शिकलेले नाही, तेव्हा जे सांगते ते कोर्टाच्या पायरीवरून.

आधी निकाल सांगते, मग कारणं. नुसत्या त्या दोन वाक्यांवरून मामांना दुटप्पी ठरवता येत नाही. त्यांच्या बोलण्यात गाठ आहे, पण तुम्ही ओढलीत ती दोरी वेगळी होती.

आमच्याकडे प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'प्रेअर' असते, अमुक मिळावं अशी. नवीन ज्युनियर आधी तीच वाचतो. मी त्याला वरचे परिच्छेद वाचायला लावते, कारण एकाच कारणावरून दोन उलट मागण्या निघू शकतात आणि एकच मागणी दोन माणसं अगदी वेगळ्या कारणांनी करतात. मामांच्या दोन मागण्या तुम्ही ऐकल्यात. त्यांचं कारण विचारलंच नाहीत.

कारण जर असं असेल की जीव देणारा देव, घेणारे आपण कोण, तर तुम्ही जिंकलात. फाशी त्यात बसत नाही. या वाटेनं शेवटपर्यंत जाणारी माणसं जगात आहेत. अमेरिकेत १९८३ मध्ये कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी हाच आग्रह धरला होता की गर्भपात, फाशी, युद्ध या सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघा. पुढे २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीतच बदल करून फाशी अस्वीकार्य ठरवली. गर्भपाताला विरोध तर होताच. तिथे दोन्ही बाजू जुळतात. आपल्याकडे अहिंसा काटेकोर पाळणारा जैन माणूसही हेच म्हणेल.

पण बहुतेक लोक 'जीव पवित्र' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक शब्द गाळलेला असतो: निरपराध. निरपराध जीव घेऊ नये. गर्भानं कुणाचं काय वाकडं केलंय? खुन्यानं केलंय. एवढं मान्य केलं की गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा यांत तर्काची चूक राहत नाही. मामा बहुधा इथेच उभे आहेत. आपल्या परंपरेतही ही जोडी जुनी आहे: भ्रूणहत्या महापाप, आणि दुष्टाला दंड देणं हा राजाचा धर्म.

अर्थात परंपरा एका आवाजात बोलत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान (तोच, वटपौर्णिमेचा) यांच्यात फाशीवरून वाद आहे. वधाची शिक्षा झालेली माणसं समोर आणलेली असतात आणि सत्यवान बापाला अडवतो. म्हणतो, एका दरोडेखोराला मारलं की त्याची बायको, आई, बाप, पोरं, ज्यांनी काही केलेलं नाही, तीही मारली जातात. म्हणजे 'निरपराध' हाच शब्द घेऊन सत्यवान उलट बाजूला जातो. मामांना पुराणातले दाखले आवडत असतील तर हा सांगून बघा.

आपला कायदा काय म्हणतो हेही बघण्यासारखं आहे, कारण या दोन विषयांची गाठ त्यानं एका कलमात घातली आहे. फाशीची शिक्षा झालेली स्त्री गरोदर असेल तर हायकोर्टानं तिची शिक्षा जन्मठेपेत बदलायचीच, असं नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणारा कायदा) कलम ४५६ सांगतं. पूर्वीच्या संहितेत आधी अशी सक्ती नव्हती. बाळंतपण होईपर्यंत शिक्षा पुढे ढकलायची, आणि कोर्टाला वाटलं तर जन्मठेप करायची. २००८ च्या दुरुस्तीनं ते बंधनकारक केलं. बारकाईनं बघा, नुसता गर्भ वाचवायचा असता तर शिक्षा पुढे ढकलणं पुरेसं होतं. मूल जन्मल्यावर त्याची आई मारायची का, हा प्रश्न कायद्याला पडला आणि त्यानं नाही म्हटलं. सत्यवानच, पण कलमाच्या भाषेत.

आता मामांच्या बोलण्यातल्या खऱ्या गाठीकडे येते.

मामा म्हणतात, गर्भपात म्हणजे खून. मामा म्हणतात, असल्यांना फाशीच हवी. दोन्ही वाक्यं अक्षरशः धरली तर पुढचं वाक्य आपोआप येतं: गर्भपात करून घेणाऱ्या बाईलाही फाशी. डॉक्टरला, सोबत आलेल्या नवऱ्याला, रिक्षात बसवून देणाऱ्या सासूलाही. ठरवून, तारीख घेऊन, पैसे भरून केलेलं काम आहे, 'रागाच्या भरात' असा बचावसुद्धा नाही. मी ही गोष्ट बार रूममध्ये कितीतरी जणांना विचारली आहे. ठाम गर्भपातविरोधी माणूसही इथे थबकतो. "नाही हो मॅडम, बाईची काय चूक, परिस्थिती असते." बरोबर. पण मग त्याच्या स्वतःच्या मनातही गर्भपात हा खून नाही. वाईट असेल, पाप असेल, पण खून नाही. एकदा हे कबूल झालं की 'सरळ खून' या शब्दावर उभी असलेली बंदीची मागणी पुन्हा नव्यानं मांडावी लागते.

कायद्यानंही दोन्ही गोष्टी कधी एक मानल्या नाहीत. लोकांना वाटतं गर्भपात आपल्याकडे मोकळा आहे. तसं नाही. १८६० च्या दंड संहितेत तो गुन्हा होता आणि आजच्या न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही गुन्हाच आहे, बाईनं स्वतः केला तरी. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा ही त्यातून दिलेली सूट आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. बाईचा जीवच धोक्यात असेल तर मर्यादा नाही. या सवलतीबाहेरच्या गुन्ह्याला शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर ७. खुनाला मात्र जन्मठेप किंवा फाशी. इंग्रजांच्या काळापासून हे अंतर कुणी पुसलेलं नाही.

एक बारीक गोष्ट मध्येच सांगून टाकते. आपल्याकडे भिंतीभिंतीवर 'भ्रूणहत्या पाप आहे' लिहिलं गेलं ते मुलींचे गर्भ पाडले जात होते म्हणून. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशानं १९९४ मध्ये. गुन्हा लिंग तपासून मुलगी नको म्हणण्याचा होता. पण भिंतीवरचं वाक्य वाचून दोन पिढ्यांना वाटू लागलं की गर्भपातच बेकायदा आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायका ऑफिसच्या दारातच आवाज खाली आणतात. मामांचा राग कशावर आहे, मुलगी म्हणून पाडण्यावर की सगळ्यावर, हेही विचारून घ्या. पहिल्यावर असेल तर तुमच्यात भांडणच नाही.

आता एक अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

पेठ-सुरगाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगी १३ वर्षांची, आरोपी नात्यातला. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधारची झेरॉक्स, शाळेचा दाखला, सिव्हिलचा केसपेपर. तारीख विचारली तर आई म्हणाली, "नागपंचमीला पाळी होती, पोळ्याला नव्हती." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पानं उलटत आठवडे मोजले. सोनोग्राफीत २५ निघाले. म्हणजे डॉक्टरांच्या हातातून गेलं, आता हायकोर्ट.

सोबत आजोबा होते. गळ्यात माळ, एकादशी चुकवत नाहीत. ते मला म्हणाले, "ताई, त्याला फाशी होईल असं बघा." आणि मग थोड्या वेळानं, मुलीकडे न बघता, "पण हे दुसरं करू नका. त्या जिवाचा काय दोष?" अगदी तुमच्या मामांचंच म्हणणं, फक्त समोर साखरपुड्याचं ताट नव्हतं. मुलगी पाण्याच्या बाटलीचं झाकण टेबलावर भोवऱ्यासारखं फिरवत होती. ते पडलं की उचलून पुन्हा फिरवायची.

मी आजोबांशी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं विसंगत नव्हतंच. त्या खोलीत निरपराध दोघं होते, आणि आजोबा एकाचंच नाव घेत होते, एवढंच मला दिसत होतं. मी त्यांना काय होणार ते सांगितलं. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आई देतेय. गर्भाचा नमुना डीएनएसाठी प्रयोगशाळेत जाईल आणि आरोपीविरुद्ध तोच सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी त्या कागदाला हात लावणार नाही. पण आडवाही येणार नाही." आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

तुमच्या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर हे आहे. एखादी गोष्ट पाप मानणं वेगळं आणि दुसऱ्याला ती करू न देण्यासाठी पोलीस बोलावणं वेगळं. आजोबांनी पहिलं सोडलं नाही, दुसरं केलं नाही.

परवानगी मिळाली. अशा उशिराच्या प्रकरणांत हायकोर्टाच्या आदेशात बऱ्याचदा एक ओळ असते: मूल जिवंत जन्मलं तर रुग्णालयानं त्याची सगळी काळजी घ्यावी आणि कुटुंब तयार नसेल तर सरकारनं जबाबदारी उचलावी. गर्भपाताची परवानगी आणि बाळाला वाचवायचा हुकूम, एकाच पानावर. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली. तर्कशास्त्राच्या वर्गात याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती त्या न्यायमूर्तींच्या टेबलावर दोन्ही जीव होते याची खूण वाटते. आरोपीला पुढे जन्मठेप झाली.

फाशीकडे वळते, कारण 'निरपराध' या शब्दाची खरी किंमत तिथे मोजावी लागते. मामांचा सगळा डोलारा एका गृहीतकावर आहे: निरपराध कोण आणि अपराधी कोण हे आपल्याला नक्की कळतं. गर्भाच्या बाबतीत ते कळतं, मान्य. आरोपीच्या बाबतीत?

यासाठी नाशिकबाहेर जायला नको. जून २००३ मध्ये नाशिकरोडजवळ एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. सगळं शहर हादरलं होतं. भटक्या जमातीतले, मजुरी करणारे सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं २००७ मध्ये तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी. तीन कोर्टं, सगळ्यांच्या मते दोषी. मग ५ मार्च २०१९ ला, फेरविचारात, त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चार जण ओळखले होते, आणि त्या दिशेनं तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. १६ वर्षं आत.

२००९ नंतर मधल्या कुठल्याही वर्षी फास आवळला गेला असता तर? भर चौकात, मामा म्हणतात तसा, लगेच? सहा निरपराध माणसं मेली असती, आणि टाळ्या आपणच वाजवल्या असत्या. त्यामुळे 'निरपराधाचा जीव घेऊ नये' हे ज्याचं मूळ तत्त्व आहे, त्यालाच फाशीची भीती सगळ्यात जास्त वाटायला हवी. मामांना हेच विचारायचं होतं तुम्ही. पवित्र-बिवित्र सोडून.

फाशीच्या बाजूनं बोलणारे सगळे रक्तपिपासू असतात असं मात्र समजू नका. सोनईत आंतरजातीय प्रेमावरून तीन दलित तरुणांना मारून टाकलं होतं. तो खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली. तेव्हा माझ्या बार रूममधल्या काही मित्रांचं म्हणणं होतं की गरिबाला, दलिताला मारलं तर काही होत नाही हा समज मोडायला एवढी शिक्षा लागते. ते खोडून काढायला मला सोपं उत्तर सापडलं नव्हतं, आजही नाही. डॉ. आंबेडकरांनी मात्र जून १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की फाशीची शिक्षाच रद्द करायला त्यांचा पाठिंबा राहील. मी त्यांच्या बाजूची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात, पण दुर्मिळ काय हे त्या त्या न्यायाधीशाच्या मापावर ठरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शिवाय अपराधी कोण हे सरकार ठरवतं, आणि सरकारं बदलतात. माझं सकाळचं फिरणं अनंत कान्हेरे मैदानावर असतं. १९०९ मध्ये इथल्याच विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या त्यांनीच झाडल्या, ती गोष्ट शाबित होती, आणि एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना कायदेशीर फाशी झाली. आज मैदानाला त्यांचं नाव आहे, आधी 'हुतात्मा' लावून. मामाही बहुधा तिथेच फिरायला येत असतील.

आता तुमची उलटतपासणी, कारण मामांना तुमच्याबद्दलही हाच प्रश्न विचारता येईल. तुमच्या बोलण्यावरून तुम्हाला गर्भपात मान्य, फाशी अमान्य असं दिसतं. 'सरकारनं कुणाचा जीव घेऊ नये' हे कारण असेल तर ते गर्भपाताला लागू होत नाही, तिथे निर्णय बाईचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय संविधानाच्या अनुच्छेद २१ नं स्त्रीला दिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्यात धरला आणि २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क दिला. माझी स्वतःची जुळणी अशी आहे: सरकारच्या हातात दोर देऊ नये आणि बाईच्या शरीराचा ताबाही देऊ नये. दोन्हीकडे सरकारवर अविश्वास. पण यालाही टोक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी नाकारली. गर्भात व्यंग नव्हतं आणि मूल जिवंत जन्मण्याची शक्यता होती. त्या निकालावर मी अजून पूर्ण नाराज होऊ शकलेले नाही. 'शरीर तिचं' एवढ्यानं माझं २६ व्या आठवड्यात समाधान होत नाही, १० व्या आठवड्यात होतं. मधली रेघ कुठे, याचं माझं उत्तर केसपेपर बघून बदलतं, आणि ते मी लपवत नाही.

तेव्हा मामांशी पुन्हा बोलाल तर 'दुटप्पी' हा शब्द घरी ठेवून जा आणि तीनच गोष्टी विचारा, जेवण उरकल्यावर. गर्भपात खून असेल तर बाईला फाशी द्याल का? त्या सहा जणांना २०१० मध्ये लटकवलं असतं तर ते कुणाच्या खात्यात लिहायचं? आणि स्वतः न करणं वेगळं, दुसऱ्यावर गुन्हा दाखल करणं वेगळं, यातलं तुम्हाला नेमकं कुठलं हवंय?

ते आजोबा अजूनही दिवाळीच्या आधी नागलीची पिशवी घेऊन ऑफिसला येतात. दरवर्षी एकच विचारतात, "तो सुटला तर नाही ना?" मी नाही म्हणते. मग चहा घेतात आणि नातीला परीक्षेत किती टक्के पडले ते सांगतात.